शेवटच्या कडव्यातलं नाव

मी जानरावच्या मरनावर डाव लावला. आधीच सांगून टाकते, मंग मांगून कोनी म्हनू नका का बेबीताईनं लपवलं. पैशाचा डाव नोहता तो, एक छदाम नाई त्याच्यात. नुसते मार्क होते, शाळेत भेटतेत तसे. पन डाव तो डावच. आन् मी तो रागानं लावला, हसत-खेळत नाई.

जानराव म्हंजे रिसोडचे जानराव, भीमगीताच्या पार्टीवाले. अकोला, यवतमाळ, पार नांदेडपर्यंत त्याईचं नाव. मी त्याईच्या पार्टीत बावीस वर्सं गायली. पोस्टरवर त्याईचा फोटो हा एवढा मोठा, आन् खाली बारीक अक्षरात ‘आणि संच’. ते ‘आणि संच’ म्हंजे मी. आता पार्टीही नाई आन् संचही नाई. मी शेलूबाजारले राहते. पोरगा अमरदीप पुन्याले कंपनीत हाये, घरात मी आन् सून सुकेशनी. ती मंगरूळपीरच्या एका हापिसात कंत्राटावर कॉम्प्युटर चालवते, रोज जाते-येते. पोट्टी गुनाची हाये, पन हातातला मोबाइल सुटत नाई तिच्यानं.

तिच्याच मोबाइलवर मी हा खेळ पाह्यला. डिसेंबर सरत आल्ता. रविवार होता, आमी दोघी आंगनात उन्हात तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. शेंगा राह्यल्या बाजूले, ही बाई म्हाताऱ्या-म्हाताऱ्या नटनट्याईचे फोटो पाहे आन् त्याईचं वय लिहून ठेवे.

म्हनलं, "हे काय वं? कोनाचं लगन जमवून राह्यली काय?"

"नाई वो आत्याबाई, खेळ हाये. ‘आता कोण’ म्हनतेत त्याले." आमच्याकडं सासूले आत्याबाई म्हनतेत.

खेळ असा हाये. पाच जानेवारीपर्यंत आपन जास्तीत जास्त दहा मोठ्या मानसाईची नावं द्याची, जी जित्ती हायेत. नट, पुढारी, गानेवाले, कोनीही. वर्सभरात त्याच्यातलं कोनी मेलं का आपल्याले मार्क. शंभरातून मरनाऱ्याचं वय काढाचं, राह्यले तितके मार्क. म्हंजे नव्वदीचा म्हातारा गेला तर दहाच, आन् चाळिशीतला गेला तर साठ. दहातल्या एका नावावर चांदनी लावता येते, त्याचे मार्क दुप्पट. पाच तारखेनंतर यादीले कुलूप. मंग काही घालता येत नाई आन् काही काढता येत नाई. चारशेच्या वर लोक खेळतेत, अमरावतीपासून कोल्हापूरपर्यंत, शिकले-सवरलेले.

मी तिले अशी झाडली का बस. "लोकाईच्या मरनाची वाट पाहता? घास उतरते तरी कसा तुमच्या गळ्याखाली?"

ती हसली. "आपन वाट पाह्यली काय आन् नाई पाह्यली काय, मरनारा मरतेच, आत्याबाई." मंग हळूच म्हने, "तुमच्या वळखीचं एक नाव हाये याच्यात. अकोल्याच्या कोन्या पोरानं घातलं."

ते नाव जानरावचं होतं.

त्याचं कारन हे का, त्या दिवाळीच्या आसपास मुंबईच्या एका पोरीनं जानरावच्या पार्टीतलं एक जुनं गानं मोबाइलवर गाऊन टाकलं होतं. ते असं पेटलं का लाखो लोकाईनं आयकलं. लग्नात वाजे, शाळेच्या स्नेहसंमेलनात वाजे. पेपरवाले रिसोडले जाऊन जानरावचे फोटो घेऊन आले. चवऱ्याहत्तराव्या वर्सी मानूस पुन्हा मोठा झाला. इतका मोठा, का लोक त्याच्या मरनावर मार्क मोजाले लागले.

मी म्हनलं, "माहं नाव पाह्य बरं."

तिनं पाह्यलं. नोहतं.

"मंग घाल. तुह्या यादीत घाल माहं नाव."

"आत्याबाई, काहीही काय!"

"घाल म्हनलं ना."

तिनं हसत-हसत घातलं. दहा मिनिटात उत्तर आलं, तिनं वाचून दाखवलं: ‘ही व्यक्ती प्रसिद्ध नाही. कृपया दुसरे नाव द्यावे.’ घ्या! मरासाठीही वळख लागते म्हना. सुकेशनी हसता हसता थांबली, कारन मी हसत नोहती. मी शेंगाईचं टोपलं उचललं आन् घरात गेली.

आता त्या गान्याचं सांगते, नाईतर तुमाले वाटन का ही बाई उगीच जळते. सन एक्क्याऐंशी. मी बावीस वर्साची, लोकाईच्या पराटीत, म्हंजे कपाशीत, खुरपं घेऊन निंदाले जाऊ. एक दिवस वावरवाल्याची पोरगी धुऱ्यावर, बांधावर, पाटी घेऊन बसली होती. म्हनलं, काय काढते वं? म्हने, सूर्य काढते. मी चवथीतून शाळा सोडेल. त्या पाटीवरून माही नजर हटेना. निंदता निंदता तोंडातल्या तोंडात गानं जुळत गेलं. लिहिलं नाई, हाताले माती होती.

पाटी होती कोरी माही, तिच्यावर सूर्य काढला.

सहा कडवी झाली एक तास, म्हंजे पराटीची एक ओळ, निंदून होईपर्यंत. संध्याकाळी पार्टीच्या तालमीत म्हनून दाखवलं. पेटीवर जानराव, ढोलकीवर नानाजी. दोघंही वाजवाचे थांबले. जानरावच्या डोळ्यात पानी आलं, हे मी खोटं नाई सांगत. मानूस गान्याचा जानकार होता, ते मी आजही म्हनते.

पन आमच्या पार्ट्याईची एक रीत हाये. गान्याच्या शेवटच्या कडव्यात रचनाराचं नाव येते, अमका सांगे, तमका म्हने. त्याले छाप म्हनतेत. आन् पार्टी ज्याची, छाप त्याची. गानं ढोलकीवाल्यानं रचो का कोरसवालीनं, नाव पार्टीच्या मालकाचंच. लोक त्याच नावावर पार्टी बलावतेत ना! मी हे पाहतच वाढली. म्हनून शेवटचं कडवं मीच असं रचून आनलं होतं:

जानराव सांगे बायाहो, पोरीले पाटी द्या.

कोनी सांगतलं नोहतं घाल म्हनून. जानरावनंही नाई. मीच घातलं, आन् घालतानी मले लय बरं वाटलं. आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला, आन् वरून खुश झाली. अशी मी शहानी.

चाळीस वर्सं मले त्याचं काही वाटलं नाई. गानं पार्टीत होतं, पार्टीतल्या साऱ्याईले मालूम होतं का बेबीचं हाये. मंग नानाजी गेले. पेटीचा दुसरा वाजवनारा गेला, कोरसच्या सोनीबाई गेल्या. आन् आता हे गानं मुंबईले गेलं, तर मले दिसलं का ते माहं हाये हे जाननारा या जगात एकच मानूस उरला. तो म्हंजे जानराव.

फोन लावला. म्हनलं, "दादा, एकदा लोकाईले सांगून टाका."

"अव बेबी!" त्याईचा आवाज फोनवरही स्टेजवरच्यासारखाच. "गानं तुहंच हाये, मी कवा नाई म्हनलं? तीन जानेवारीले वाशिमले सावित्रीमाईच्या जयंतीचा कार्यक्रम हाये, माहा सत्कार हाये. माइकवरून सांगतो. तू ये, पुढं बस."

मी गेली. पांढरं लुगडं इस्त्री करून गेली. तिसऱ्या रांगेत बसली. हॉल गच्च भरेल. हार झाले, शाल झाली. मंग त्या सूत्रसंचालन करनाऱ्या बाईनं इचारलं, "दादा, हे अजरामर गाणं तुम्हाला सुचलं तरी कसं?"

जानरावनं माह्याकडं पाह्यलं. मी पाह्यलं का त्यानं मले पाह्यलं. आन् तो म्हनाला, "त्याचं असं झालं. मी पराटीत निंदत होतो. धुऱ्यावर एक पोरगी पाटी घेऊन बसेल होती. म्हनलं, काय काढते माय? म्हने, सूर्य काढते."

टाळ्या! उभं राहून टाळ्या वाजवल्या लोकाईनं. त्या पुऱ्या हॉलात एकाही मानसाच्या, अरे एकाही बाईच्या डोक्यात आलं नाई का निंदन हे बायाईचं काम हाये, जानराव कायले जाईन निंदाले? जन्मात खुरपं धरलं नाई त्या मानसानं. गानं तर नेलंच, माही ती धुऱ्यावरची पोरगीही नेली. माह्या आंगाची अशी लाही झाली का मले वाटलं अथीच उभं राहून बोंबलावं. पन बोंबलली नाई. बाईनं भर सभेत बोंबललं का लोक म्हनतेत, म्हातारी सनकली.

खाली उतरल्यावर ते माह्याजवळ आले, डोक्यावर हात ठेवला. "बेबी, माइकसमोर गोंधळलो पाह्य. चौदा एप्रिलले नक्की."

चौदा एप्रिल! कितीक चौदा एप्रिल आले आन् गेले. मी जीपमधी बसली आन् शेलूबाजारले आली.

चार तारखेले सकाळी सुकेशनीले म्हनलं, "त्या खेळात माहं खातं उघड. माह्या मोबाइलवर."

"काहून?"

"उघड म्हनलं तर उघड."

तिनं उघडलं. म्हने, "सांगा नावं."

"जानराव."

"आनखी?"

"एकच. आन् त्याच्यावर चांदनी लाव."

ती माह्या तोंडाकडं पाहतच राह्यली. "आत्याबाई, रागात घालू नका. उद्यानंतर कुलूप लागते. मंग काढतो म्हनसान तरी निघनार नाई."

"चाळीस वर्सापूर्वी घातलं ते निघालं काय? हेही राहू दे."

तिनं घातलं. शंभरातून चवऱ्याहत्तर गेले, सव्वीस. चांदनीचे दुप्पट, बावन्न. मी पाठच करून टाकलं. रोज सकाळी चहा झाला का मी ते पान उघडून पाहू. आपल्या नावाखाली एकच नाव, त्याच्याम्होरं पिवळी चांदनी. खरं सांगू, बरं वाटे. लाज वाटाले पायजे होती, नाई वाटली. चौदा एप्रिलले जानराव मुंबईच्या कोन्या चॅनलवर गेले, तथी पुन्हा ती निंदनाची गोष्ट सांगतली. या खेपेले त्या धुऱ्यावरच्या पोरीचं नावही ठेवलं होतं त्याईनं. दुसऱ्या दिवशी मी ती चांदनी दोनदा पाह्यली.

मंग ऑगस्टात बातमी आली का जानरावच्या फुफ्फुसात पानी झालं, अकोल्याले भरती केलं होतं, आता डॉक्टरनं घरी आनून ठेवाले सांगतलं. खेळाच्या ग्रुपवर लगेच सारे जागे झाले. अकोल्याच्या त्या पोरानं लिहिलं, ‘चला, आपला गडी लाइनीत लागला.’ खाली हसरे चेहरे, पंधरा-वीस.

ते वाचून मी मोबाइल पालथा ठेवला. जानरावची कीव आली असं म्हनत नाई. आलीही असन थोडीशी, बावीस वर्सं ज्याच्या पेटीवर गायली त्याची येनारच. पन आधी भेव वाटलं ते माह्या गान्याचं. हा मानूस गेला तर गानं माहं हाये हे सांगनार कोन? मीच एकटी. आन् माह्यावर इस्वास कोन ठेवन? मी तर प्रसिद्धही नाई. मी त्याच्या मरनावर डाव लावून बसली होती, आन् मले तो जित्ता पायजे होता.

"काढ ते नाव," मी सुकेशनीले म्हनलं.

"आत्याबाई, कुलूप हाये."

"मंग मले ते रेकॉर्डिंग करता येते काय मोबाइलवर? बोलताना मानूस दिसते तसं?"

"येते ना. कोनालेही सांगा, लावून देईन."

रिसोडले मी एकटीच गेली. मालेगावले गाडी बदलली. गाडीत बसल्या-बसल्या सवयीनं मोबाइल उघडून पाह्यलं, जानराव अजून हाये का म्हनून. तेच पान पाहत होती का रिसोड आलं, मोबाइल तसाच पिशवीत टाकला.

दार जानरावच्या पोरानं उघडलं, संघदीपनं. चांगला पोरगा हाये, शाळेत मास्तर हाये. म्हने, "ताई, जास्त बोलू देऊ नका त्याईले, दम लागते."

जानराव खाटेवर टेकून बसेल होते. मले पाहून हसले. आंगात काही राह्यलं नोहतं, नुसतं डोकसं तेवढं मोठं दिसे. मी खाली बसली. सारं मनात जमवून गेल्ती, कसं बोलाचं, कसं मनवाचं. पन माह्या आधी तेच बोल्ले.

"बेबी, मले मालूम हाये तू कायले आली. मी लबाडी केली वं. पयल्यांदा वाशिमले तोंडातून गेलं, मंग तेच सांगत राह्यलो. लोक टाळ्या वाजवत, मंग मलेच खरं वाटाले लागलं का मीच निंदत होतो." दम खाल्ला. "मोबाइल आनला काय? लाव. सांगून टाकतो. हे ओझं घेऊन जात नाई मी."

माह्या डोळ्याले धारा लागल्या. पार्टीतली बावीस वर्सं आन् गान्याची चाळीस वर्सं, सारं माफ केलं मी त्या मानसाले त्या एका घडीत. मले रेकॉर्डिंग लावता येत नोहतं. पिशवीतून मोबाइल काढला, अंगठा लावून उघडला आन् संघदीपच्या हातात देला. "लाव रे बाबू, तुह्या हातानंच लाव."

त्यानं घेतला. पाह्यलं. मंग पाहतच राह्यला.

मले तवाही समजलं नाई. मी लुगड्याच्या पदरानं डोळे पुसून राह्यली होती.

"हे काय हाये, ताई?"

त्यानं मोठ्यानं वाचलं. "‘आता कोण. खेळाडू, बेबीताई, शेलूबाजार. यादी, दहापैकी एक नाव. जानराव, रिसोड, वय चवऱ्याहत्तर. मृत्यू झाल्यास बावन्न गुण.’" वाचता वाचता त्याचा आवाज बदलला. "बाबा, या बाईनं तुमच्या मरनावर डाव लावला. आन् चांदनी लावली. दहा नावं देता येतेत, हिनं एकच देलं."

जानराव माह्याकडं पाहून राह्यले होते. मी खोटं बोलू शकत होती. म्हनू शकत होती का सुनेनं घातलं. पन ज्या मानसानं आत्ताच खरं बोलाचं कबूल केलं, त्याच्यासमोर खोटं निघेना तोंडातून.

"हव दादा, लावला," मी म्हनलं. "तीन जानेवारीले तुमी वाशिमले बोल्ले ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"मी मरावं म्हनून?"

"त्या दिवशी वाटलं मरावं म्हनून."

"आन् आज?"

"आज नाई. आज तुमी जगा दादा, शंभर वर्सं जगा. पन आधी बोला."

मंग जानरावनं हळूहळू इचारलं, लेकराले इचारतेत तसं.

"बेबी, गान्याच्या शेवटच्या कडव्यात कोनाचं नाव हाये?"

"तुमचं."

"कोनं घातलं?"

मी मान खाली घातली. "मी."

"मंग आता कायले काढते?"

आन् त्याईनं भिताडाकडं कूस केली. संघदीपनं मोबाइल माह्या पिशवीत टाकला, पिशवी माह्या हातात देली आन् म्हनाला, "उठा." त्यानं हात धरून बाहीर काढलं नाई, तेवढी सभ्यता ठेवली. मी आपल्या पायानं निघाली. दारापर्यंत मले वाटत राह्यलं का मागून ‘बेबी’ म्हनून आवाज येईन. आला नाई.

अकराव्या दिवशी जानराव गेले. मी रडली, हे कोनाले खरं वाटो का नाई. घरात बसून रडली. बाई रडाची ती रडतेच, जिच्यावर अन्याय झाला तीही रडते, आन् जिनं केला तीही. माह्यात दोघीही होत्या.

पुन्यानुमोदनाले, त्याईच्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाले, मी गेली. संघदीप म्होरं बसेल होता, त्यानं मान वर केली नाई. भंतेजीईची वंदना झाली, भाषनं झाली. मंग कोनी तरी मागून वरडलं, "बेबीताई आल्या! त्याईच्या आवाजात होऊ द्या ‘पाटी’!" सारे माह्याकडं वळले. मले हाताले धरून माइकपाशी नेलं.

मी गायली. सहासष्टाव्या वर्सीही माहा आवाज लागला, असा लागला का मंडपात चिडीचूप. पाच कडवी म्हनली. आन् शेवटच्या कडव्यापाशी मनात ठरवलं, का आज घालाचं. माहं गानं, माहं तोंड, माहं नाव. त्याच्या फोटोसमोर घालाचं, मंग जे होईन ते होवो. मी छाती भरून सूर लावला, "बेबीताई सांगे..."

पन तवर पुरा मंडप माह्यासंग गाऊ लागला होता. पाचशे लोक. बाया, पोरं, म्हातारे. साऱ्याईले पाठ ते गानं, मुंबईच्या पोरीनं पाठ करून देलं. "जानराव सांगे बायाहो," असं एका आवाजात उठलं, का माहं नाव माह्या कानालेही आयकू आलं नाई. लोक रडत होते, हात जोडत होते. एक बाई माह्या गळ्यात पडली आन् म्हने, "ताई, दादाईचं गानं तुमीच जित्तं ठेवा आता." मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. दुसरं काय करू?

घरी आली तर सुकेशनी मोबाइल घेऊन बसेल. म्हने, "आत्याबाई, बोलू का नको समजत नाई. तुमचे बावन्न मार्क बाकी हायेत. सात दिवसाच्या आत भरून द्या लागते, नाईतर बाद होतेत."

"काय भराचं असते?"

"पेपरातल्या बातमीचा फोटो. आन् एक ओळ लिहाची, हा मानूस कायच्यासाठी प्रसिद्ध होता ते."

बातमी होती. ‘पाटी गीताचे जनक जानराव यांचे निधन’, चार कॉलम, फोटो. मी म्हनलं, दे इकडं, ओळ मी लिहिते. सुकेशनीनं चौकोन काढून देला. एका बोटानं, एकेक अक्षर पाहून लिहिलं: ‘बेबीताईच्या गान्यासाठी.’ तिनं वाचलं आन् पाठवून देलं. साऱ्या दुनियेत मले खरं लिहाले तेवढी एक ओळ भेटली, तीही मेलेल्या मानसाचे मार्क वाटनाऱ्याईच्या पानावर.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. ‘दिलेले कारण बातमीशी जुळत नाही. बातमीप्रमाणे दुरुस्त करून पाठवावे, अन्यथा गुण मिळणार नाहीत.’

"आत्याबाई, सोडून द्या," सुकेशनी म्हने. "मरो तो खेळ. मीही सोडते."

सोडाचंच होतं. दोन दिवस मी सोडलंही. पन पान उघडून पाहाची सवय गेली नाई. त्याच्यात दिसे, सगळ्यात वर कोनी सातारचा मानूस एकेचाळीस मार्कावर. आन् माहे बावन्न नुसते अडकून पडले. मी म्हनलं, आता राह्यलं काय झाकाले? मंडपानं गाऊन टाकलं, पेपरानं छापून टाकलं, जो सांगनार होता त्याची राख झाली. माह्या एकटीच्या नाई म्हनन्यानं कोनाचं काय अडून राह्यलं?

खोटं कायले बोलू, मले मोह झाला. सुकेशनी हापिसात गेल्ती. मी चष्मा लावला आन् आपल्या बोटानं लिहिलं: ‘पाटी होती कोरी या गीताचे गीतकार.’ आन् पाठवलं.

संध्याकाळी नवीन यादी आली. सगळ्यात वर माहं नाव, पुरं नाव, गावासकट. खाली चारशे लोक. फुलाईची चित्रं आली, फटाक्याईची आली, अकोल्याच्या त्या पोरानं ‘ताई, मानलं तुम्हाला’ म्हनून लिहिलं. सहासष्ट वर्साच्या जिंदगीत माहं नाव पयल्यांदा साऱ्याईच्या वर लागलं. त्याच्यासाठी मले एवढंच लिहून द्या लागलं, का गानं माहं नोहतं.